वेडा राघू आणि वडापुरी

पुण्यातल्या एका शाळकरी मुलाला साधारण सत्तर वर्षांपूर्वी एक प्रश्न पडला. वेड्या राघूच्या शेपटीतून मधोमध दोन लांब, तारेसारखी पिसं निघालेली असतात. त्याच्या नजरेला पडत होते ते राघू मात्र त्या पिसांवाचूनचे होते. पिसं गेली कुठं? त्यानं वडिलांना विचारलं. वडील म्हणजे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. पक्षी बघायची त्यांनाही हौस. पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं आणि येत नाही हे त्यांनी मुलापासून लपवलं नाही. सलीम अलींना लिही, म्हणाले. मुलानं पत्र लिहिलं. सलीम अलींचं उत्तर आलं: पिसं झडतात, नवी येतात, मधल्या काळात शेपटी अशी बोडकी दिसते.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ही गोष्ट पुढं आयुष्यभर सांगितली. ऐकणाऱ्याच्या मनात राहतात ते सलीम अली. साहजिक आहे, एवढ्या मोठ्या माणसानं एका पोराच्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे काय! मला मात्र त्या गोष्टीतला बाप जास्त आवडतो. आमच्याकडं बाप आणि मास्तर या दोघांनी ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची रीत नाही. मी तीस-बत्तीस वर्षं इंदापूर तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा मास्तरकीचं हे दुखणं मला आतून माहीत आहे.

2026 च्या 7 जानेवारीला रात्री गाडगीळ पुण्यात गेले. वय 83. आमच्याकडं गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. दुसऱ्या दिवशी बातमी कळली तेव्हा कुणाला तरी फोन करावा असं फार वाटलं आणि करायला माणूसच आठवेना. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, सहकारी नव्हे, नात्यागोत्याची तर नव्हेच. वर्तमानपत्रांतले त्यांचे लेख कापून ठेवणारी, ‘सह्याचला आणि मी’ दोनदा वाचलेली एक वाचक. सुतक धरायचा माझा काही हक्क नव्हता. तरीही मनातल्या मनात मी त्यांना कायम ‘सर’च म्हणत आले, आणि इथंही तेच म्हणणार आहे.

पुढच्या आठवडाभरात जे छापून आलं ते बहुतेक सगळं पश्चिम घाटाबद्दल होतं. त्यांचा 2011 चा अहवाल, तो कुणी दाबला, कुणी धुतला, केरळात दरडी कोसळल्यावर तो पुन्हा कसा आठवला. ते योग्यच होतं. पण आमचा मुलूख घाटाच्या पाठीमागचा. घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटरनी कोसळतो आणि आमच्यापर्यंत येता येता दमतो. पाचशेच्या आसपास पडला की आम्ही वर्ष बरं गेलं म्हणतो. नीरा आणि भीमा यांच्या मधला हा माळ, कुसळी गवताचा, तरवडाचा, हिवराचा. इथं सरांचं काय काम? असं कुणालाही वाटेल. पण त्यांच्या कामाचा एक धागा थेट आमच्या वडापुरीपर्यंत येतो, आणि मृत्युलेखांत तो मला कुठंच सापडला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

या धाग्याचं पहिलं टोक इरावती कर्व्यांच्या हातात आहे.

इरावतीबाई आपल्याला ‘युगान्त’मुळं ठाऊक असतात. डेक्कन कॉलेजातल्या इरावतीबाई, म्हणजे माणसांच्या डोक्यांची मापं घेत, रक्ताचे नमुने गोळा करत, वंशावळी उतरवून घेत महाराष्ट्रभर हिंडणाऱ्या शास्त्रज्ञ, त्या मानानं कमी लोकांना ठाऊक असतात. त्यांचा एक प्रश्न होता: जाती कशा झाल्या? एका मोठ्या समाजाचे तुकडे पडत पडत झाल्या, की मुळातच वेगवेगळे असलेले गट एका नावाखाली शेजारी शेजारी आणून ठेवले गेले? बाई दुसऱ्या बाजूच्या. एकच मडकी घडवणाऱ्या, एकाच नावानं ओळखल्या जाणाऱ्या कुंभारांमध्येही एकमेकांशी सोयरीक न करणारे, चाकापासून रीतीरिवाजापर्यंत निराळे गट आहेत, हे त्या दाखवून देत. 1968 मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. ब्राह्मण म्हणवणाऱ्या, पण आपापसांत लग्नं न करणाऱ्या आठ जातींची त्यात शारीरिक तुलना होती. लेखावर दुसरं नाव होतं त्यांच्या तरुण विद्यार्थ्याचं, कैलाशचंद्र मल्होत्रा.

बाई पंढरीच्या वारीला चालत गेल्या होत्या आणि त्यांनी त्यावर लिहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या लेखातली माझ्या मनातून कधीच न गेलेली गोष्ट म्हणजे, एकाच विठ्ठलाकडं निघालेल्या दिंड्याही जातीजातींच्या वेगळ्या चालतात, हे पाहून त्यांना झालेला त्रास. त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर होत्या. ती फलटणवरून जाते. आमच्या दारावरून जाते ती तुकोबांची. बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. दरसाल पालखी आली की मी बाईंच्या डोळ्यांनी दिंड्या बघते. पाण्याचे टँकर आता सगळ्यांना एकच आहेत. जेवणाच्या पंगती नीट बघाव्या लागतात.

गाडगिळांचं घर आणि कर्व्यांचं घर यांचा शेजार होता. बाईंचं काम माधवनं लहानपणापासून जवळून पाहिलेलं. मग फर्ग्युसन, मुंबई, आणि हार्वर्ड. तिथं गणित वापरून जीवशास्त्र करायचं, नुकत्याच आलेल्या संगणकांवर आकडेमोड करायची आणि 1969 मध्ये डॉक्टरेट घ्यायची. तिथंच राहिले असते तर काहीच बिघडलं नसतं. 1971 मध्ये ते परत आले. बाई त्याआधी, 11 ऑगस्ट 1970 ला गेल्या होत्या.

एका वर्षाची चुकामूक. मी या एका वर्षापाशी पुष्कळदा थांबते. परिसंस्थेचं गणित शिकून आलेला तरुण आणि माणसांच्या गटांचा उभ्या आयुष्यात अभ्यास केलेली बाई, या दोघांनी एकत्र बसून काय केलं असतं, याची कल्पना करायची चटक कुणाला लागू नये, पण मला लागली आहे. ते झालं नाही. झालं ते असं, की आधी पुण्यातच वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर सरांनी देवराया पालथ्या घातल्या, आणि 1973 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्यावर बाईंच्या त्या विद्यार्थ्याशी त्यांची जोडी जमली. मल्होत्रा तोवर कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत. पंजाबी माणूस, पण महाराष्ट्रातल्या पालापालावर हिंडलेला. धनगरांचे वीसहून अधिक गट, हटकर, खुटेकर, सणगर, शेगर, ठेलारी, कोण कुठं राहतो, कुणाची सोयरीक कुणाशी, मेंढ्या कोण राखतं आणि घोंगड्या कोण विणतं, हे सगळं त्यांनी गावोगाव जाऊन नोंदवलेलं. बाईंचा प्रश्न घेऊन निघालेला माणूस तो प्रश्न कुठवर नेतो, ते बघायचं तर मल्होत्रांकडं बघावं.

सरांनी त्या प्रश्नात एक भर घातली. हे गट वेगळे आहेत, हे कळलं. मग एकाच मुलखात राहून ते खातात काय? कुणाचं पोट कुठल्या झाडावर, कुठल्या जनावरावर? जीवशास्त्रज्ञाला हे विचारायची सवयच असते. एका तळ्यावर चार जातींचे बगळे दिसले तर कोण किती खोल पाण्यात उभा राहतो, हे तो पहिल्यांदा बघतो. तेच डोळे त्यांनी माणसांकडं वळवले, आणि ते आले आमच्या माळावर.

वडापुरी इंदापुरापासून जवळ. बाहेरच्या माणसानं मुद्दाम गाडी थांबवावी असं तिथं काही नाही. पण तिरमल नंदीवाल्यांचं ते मूळ ठिकाण. महाराष्ट्रभर पांगलेली त्यांची कुटुंबं दर तीन वर्षांनी वडापुरीत जमत, जातपंचायत बसे, आणि तिथं इतर तंट्यांबरोबर एक महत्त्वाचा निवाडा होई: कुठल्या भावकीनं कुठल्या गावांत फिरायचं. एकाच्या गावांत दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही.

नंदीवाला आमच्याही दारी यायचा. सुगी झाली की लांबूनच गुबूगुबू ऐकू यायचं आणि आम्ही पोरं पळत सुटायचो. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर कवड्यांची पट्टी. पाऊस पडंल का रं, म्हणून विचारलं की नंदी मान हलवणार. आजी सुपातून बाजरी आणून त्याच्या झोळीत घालायची आणि बैलाच्या पायांवर पाणी. पालं पडायची ती ओढ्यापलीकडं. तिथं आम्ही जात नसू. जाऊ नका म्हणून सांगितलेलं असायचं. ते लोक आपसांत तेलुगू बोलतात, हे मला कॉलेजात नोकरीला लागल्यावर कळलं. आणि पालाच्या मागं बांधलेली कुत्री कशासाठी असतात, हे कळलं सरांचा आणि मल्होत्रांचा लेख वाचल्यावर.

हा लेख 1983 चा. त्यात आमच्यासारख्या कमी पावसाच्या मुलखातल्या तीन भटक्या जमाती आहेत: नंदीवाले, वैदू, फासेपारधी. तिघंही शिकार करतात. पण नंदीवाले करतात ती कुत्र्यांच्या टोळीनं, म्हणजे रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. वैदूंचे सापळे असतात, त्यात आमिष लावून मुंगूस, उदमांजर धरायचं. शिवाय ओढ्या-नदीतली कासवं, खेकडे. फासेपारध्यांचे फासे, त्यांत काळवीट, तितर, लावे, मोर. शिकवलेली गाय पुढं घालायची आणि तिच्या आडोशानं सावजाच्या जवळ सरकायचं, ही त्यांची कला. तिघांचा माळ एक, ओढे तेच, पण एकाचं सावज दुसऱ्याच्या हत्यारात सहसा येत नाही.

‘सुया घ्या, दाभण घ्या, पोत घ्या’ असं ओरडत येणाऱ्या वैदिणी मी उभ्या जन्मात शेकड्यांनी पाहिल्या असतील. त्यांच्या घरातला पुरुष मुंगसाच्या येण्याजाण्याच्या वाटा जाणतो, आणि ती एक विद्या आहे, हे माझ्या डोक्यात यायला कलकत्त्याचा एक आणि बंगळूरचा एक असे दोन प्राध्यापक यावे लागले. की एक जण आमच्याकडचाच होता? कारण लेखावर तिसरं नाव आहे खोमणे. बारामतीकरानं खोमणे हे आडनाव वाचलं की त्याला कोऱ्हाळ्याचं शिवार दिसायला लागतं. या खोमण्यांचं गाव कुठलं याचा माग मी काढलेला नाही, पण तेवढ्यावरूनही मला उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

लेखात उसासे नाहीत. कोण काय धरतं, किती धरतं, कुठल्या हत्यारानं. पण या तक्त्यांसाठी कुणीतरी पालावर जाऊन बसलं असणार, उघड्यावरचा चहा प्यायलं असणार, ‘हे कशाला विचारता?’ याचं उत्तर पुनःपुन्हा दिलं असणार. ज्या माणसांना आमच्या गावांनी देवाचा बैल आणि चोरीचा संशय या दोनच गोष्टींपुरतं ओळखलं, त्यांना ‘तुला जे माहीत आहे ते मला माहीत नाही, सांग’ असं कुणी विचारलं असेल, तर ते या मंडळींनी. धनंजयरावांनी पोरासमोर कबूल केलेलं अज्ञान, इरावतीबाईंची मापं घेण्यासाठी दारोदार जाण्याची तयारी आणि मल्होत्रांची पालावरची चिकाटी या तिन्ही गोष्टी वडापुरीत एकत्र आल्या, असं मला वाटतं.

आता इथं माझं आणि सरांचं भांडण आहे. ते या जन्मात समोरासमोर व्हायचं राहिलं, म्हणून इथंच करते.

त्याच वर्षी त्या दोघांचा आणखी एक लेख आला, भारतीय जातिव्यवस्थेकडं परिसंस्थेच्या नजरेनं बघणारा. मांडणी अशी, की एका मुलखात राहणाऱ्या जातींनी निसर्गातले वेगवेगळे जिन्नस वाटून घेतले. त्यामुळं त्यांच्यात झोंबाझोंबी कमी झाली, आणि पिढ्यानपिढ्या एकाच जिनसावर पोट असल्यामुळं तो जपून वापरायची बुद्धी झाली. घाटात गवळी धनगर माथ्यावर म्हशी राखतो, कुणबी खालच्या खोऱ्यात शेती करतो. आमच्याकडं हटकराच्या मेंढ्या, पारध्याचा फासा. वाचताना पटतं. आकडेही तसंच सांगतात.

पण सर, वाटणी म्हणायला वाटणाऱ्यांच्या हातात काही असावं लागतं. काळी कसदार जमीन ज्याच्याकडं होती त्याला कुणाबरोबर काहीच वाटून घ्यावं लागलं नाही. उरलेल्यांच्या वाट्याला माळ, आणि माळावरच्या उरलेल्यांच्या वाट्याला मुंगूस. पारध्यानं फासा निवडला नाही, आणि 1871 च्या कायद्यानं अशा कैक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं तेही त्यांनी निवडलं नाही. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला. गावाच्या मनावरून? इथल्या कुठल्याही बाजारात एखाद्या पारधी बाईच्या मागं दहा पावलं चालून बघावं.

सरांना हे कळत नव्हतं असं नाही. रामचंद्र गुहांबरोबर लिहिलेल्या 1992 च्या त्यांच्या पुस्तकात निसर्गाच्या वापराबरोबर माणसामाणसांतली विषमताही उघडपणे येते, आणि पुढच्या लेखनात तर ते लोकांच्या हक्काबद्दल वनखात्याशी आयुष्यभर भांडत राहिले. तरी त्या 1983 च्या लेखाशी मी भांडते. भांडावंसं वाटतं ही पण एक शिकवणीच. ज्यांचं सगळं पटतं अशा माणसांकडून मी फारसं काही शिकलेली नाही.

आता तो माळ बघायला जाल तर कुठं बघाल, हाही प्रश्न आहे. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात आला आणि बारामतीकडची जिरायत बागायत झाली. मग साखर कारखाने. 1980 च्या सुमाराला उजनी झालं, भीमाकाठची गावं उठली, पळसदेवाचं जुनं देऊळ बुडालं. पाणी फार उतरलं की ते अजून डोकं वर काढतं. भिगवणला आता हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, होडीवाल्या पोरांना पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ असतात, आणि ताटात चिलापी येते, जी मासळी मुळात आफ्रिकेतली. भीमेचे जुने मासे कुठले होते ते विचारायचं तर म्हाताऱ्या वैदूलाच विचारावं लागेल. माळ उरला आहे तो कडबनवाडीसारख्या ठिकाणी, सुप्याकडं मयूरेश्वर अभयारण्यात, जिथं चिंकारा अजून दिसतात. सरकारी कागदांवर गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हटली की तिथं खड्डे घेऊन झाडं लावायची, नाहीतर औद्योगिक वसाहत आणायची. लांडग्याला झाडं नको असतात. त्याला आणि मेंढपाळाला, दोघांनाही गवत हवं असतं, आणि त्यांचं आपसांतलं वैर फार जुनं, बरोबरीचं आहे.

शिकार 1972 च्या कायद्यानं बंद केली. ती बंद व्हायला हवीच होती असं मी वर्गात शिकवत आले आणि काळविटाबद्दल, माळढोकाबद्दल आजही तेच म्हणेन. पण आता उसात रानडुकरं माजली आहेत. बिबट्या उसातच पिलं घालतो. शेतकरी रात्रभर फटाके वाजवतो, आणि ज्याच्या आज्यापणज्यांनी डुकराच्या मागं कुत्री सोडण्यात हयात घालवली, तो नंदीवाला प्लास्टिकच्या बादल्या विकत फिरतो. सर शेवटच्या वर्षांत याबद्दल फार तिखट लिहीत. रानडुकरांवर लोकांना उपाय करू द्या, वन्यजीव कायदा माणसाला शत्रू समजतो, असं. निसर्गप्रेमी मंडळी त्यांच्यावर चिडत. मीही एकदा कात्रण बाजूला ठेवून दिलं होतं. नंतर वडापुरीचा लेख पुन्हा काढला तेव्हा लक्षात आलं, म्हातारपणी त्यांना काही नवीन सुचलेलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी पालावर जे पाहिलं तेच ते बोलत होते.

सरांच्या आधी साडेपाच-सहा महिने, 2025 च्या जुलैमध्ये, सुलोचनाबाई गेल्या. सुलोचना गाडगीळ, सरांच्या पत्नी, माहेरच्या फाटक, त्याही पुण्याच्या, त्याही हार्वर्डच्या. त्यांचं शास्त्र पावसाचं. समुद्र आणि जमीन यांच्या तापण्यातल्या फरकानं वारा आत येतो म्हणजे मॉन्सून, असं मीही पोरांना फळ्यावर बाण काढून शिकवलं. विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेकडं सरकतो आणि तोच आपल्यावर पाऊस पाडतो, ही सुलोचनाबाईंची मांडणी. मला त्यांचं आवडतं ते दुसरंच काम: कर्नाटकातल्या पावगडच्या भुईमूग लावणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर बसून, पेरणी नेमकी कधी केली तर साधते, याचा वर्षानुवर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून काढलेला ताळा. पावगड म्हणजे आमच्यासारखंच, पर्जन्यछायेतलं. नवरा गुरं, कुत्री, फासे यांच्यामागं आणि बायको ढगांच्या. पण दोघंही शेवटी उघड्यावर उभ्या असलेल्या माणसालाच विचारत राहिले.

2002 च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची तरतूद आहे. ही कल्पना मुख्यतः सरांची. गावात काय उगवतं, काय उडतं, काय पोहतं, आणि त्याबद्दल कुणाला काय माहीत आहे, हे गावानं स्वतः लिहायचं. म्हणजे वडापुरीत तीन माणसांनी जे केलं ते देशातल्या गावागावानं करायचं. कागदावर इतकी सुंदर गोष्ट क्वचित होते. मग हरित न्यायाधिकरणानं 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, दंडाची भीती दाखवली, आणि नोंदवह्या भराभर तयार झाल्या. आमच्या बाजूच्या एका गावची मी पाहिली. छान बांधणी, रंगीत मुखपृष्ठ. आत वृक्षांच्या यादीत हिरडा! या माळावर हिरडा कुणाच्या पणज्यानं पाहिला नसेल. घाटातल्या कुठल्यातरी गावची यादी उचलून आणलेली. ‘जाणकार व्यक्ती’ या रकान्यात दोन नावं, दोन्ही पंचायतीतली.

त्या गावच्या नोंदवहीच्या दुरुस्तीसाठी समिती बसवली आहे आणि निवृत्त शिक्षिका म्हणून मला तिच्यात घेतलं आहे. पहिल्या बैठकीत मी म्हटलं, जाणकारांत ओढ्यापलीकडच्या पालावरच्या आजोबांचं नाव घाला. साळिंदराची बिळं त्यांच्याइतकी कुणाला माहीत नाहीत. ग्रामसेवक भला माणूस आहे. तो म्हणाला, “मॅडम, ते आपल्या मतदारयादीत नाहीत. रहिवासी दाखला नाही. नाव कुठल्या आधारावर घालायचं?” शेजारी बसलेले एक तात्या म्हणाले, “आणि साळिंदराची बिळं लिहून काय करायची? उद्या कुणी शिकारीची केस केली म्हणजे?”

तात्यांचं म्हणणं मला उडवून लावता येईना. माहिती लिहिली की ती कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न खरा आहे, आणि पारध्यानं-वैदूनं आपली विद्या गावापासून झाकून ठेवली ती अनुभवानंच. मग मी पालावर गेले. आजोबा चुलीपाशी बसले होते, कुत्रं एकच होतं आणि तेही म्हातारं. मी सगळं सांगितलं: नोंदवही काय, नाव कशाला, भीती कसली. पुण्या-बंगळूरचे शास्त्रज्ञ फार वर्षांपूर्वी वडापुरीच्या लोकांकडं शिकायला आले होते, हेही सांगितलं. त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. ते तेव्हा कोल्हापूरकडं फिरतीवर असतील म्हणाले.

“नाव घाला की,” ते म्हणाले. “पण बाय, त्या रानड्याला सांगा, मी सांगंल तसंच लिव्हायचं. बीळ कुठं हाय ते न्हाय सांगणार. साळू कधी बाहीर येती, काय खाती, पिलं कवा घालती, ते सांगतो.”

रानडे म्हणजे टंकलेखन करणारा मुलगा. त्याचं आडनाव रानडे नाही, पण आजोबांनी त्याला ते का चिकटवलं हे मी विचारलं नाही. मी वही उघडली. ते साळूच्या काट्यांपासून सुरुवात करून मध्येच थांबले आणि मला विचारू लागले, की काटे झडले की पुन्हा किती दिवसांत येतात, ते तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे का. मला ठाऊक नव्हतं. ग्रामसभा येत्या गुरुवारी आहे. रहिवासी दाखल्याचं त्याआधी तहसीलात विचारायला हवं.